थंड समुद्रासाठी जुनी पोलादी शिडाची बोट घेताना: आधी आतली बाजू पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. १९८०च्या दशकात नेदरलंड्समध्ये बांधलेली, सुमारे १२ मीटर लांबीची पोलादी कटर, म्हणजे एका डोलकाठीची शिडाची बोट, विकाऊ आहे. हलची, म्हणजे बोटीच्या कवचाची, प्लेट बाजूंना ४ मिमी, तळाला ५ मिमी. बाहेरचा रंग ताजा, आतलं लाकूडकाम देखणं, भिंतींमागे सगळीकडे फोम फवारलेला. घेणारे दोघे नवराबायको. आधी नॉर्वेचा किनारा, मग स्वालबार्ड आणि पूर्व ग्रीनलंड, जमलं तर पुढे पॅटागोनिया. विचारणा अशी की एवढी प्लेट बर्फाला पुरेल का, कडाक्याच्या थंडीत पोलाद ठिसूळ होईल का, आणि पैसे देण्याआधी नेमकं काय तपासावं?

पहिल्या दोन शंकांचं उत्तर लवकर देता येतं, कारण त्यांत फारसं काळजीचं नाही. तिसऱ्या प्रश्नातच सगळं आहे.

१२ मीटरच्या बोटीला ४ आणि ५ मिमी ही योग्य जाडी आहे. ४ मिमी पोलाद चौरस मीटरला साधारण ३१ किलो भरतं, ६ मिमी ४७ किलो. म्हणजे ‘जाड तितकी मजबूत’ म्हणून कुणी अख्खी बोट ६ मिमीमध्ये बांधली असेल तर तिच्यावर शिडं, इंधन आणि धान्य चढवायला वजनाची सोय उरत नाही. १९७७ मध्ये बेल्जियमचे विली द रूस यांनी १३ मीटरच्या ‘विलीवॉ’ या पोलादी केचवर (दोन डोलकाठ्यांच्या बोटीवर) कॅनडाच्या उत्तरेचा वायव्य मार्ग एका मोसमात पार केला, म्हणजे या आकाराच्या पोलादी बोटीने काय साधतं हे फार आधी दिसून आलेलं आहे. पण त्याच वाटेने आमुंडसेन १९०३ ते १९०६ मध्ये गेले ते लाकडी ‘योआ’ घेऊन. आणि ध्रुवीय समुद्रांत फिरणारे खलाशी स्किप नोव्हाक यांची १९८७ची ‘पेलॅजिक’ पोलादी होती, तर नंतरची मोठी ‘पेलॅजिक ऑस्ट्रेलिस’ त्यांनी ॲल्युमिनियममध्ये बांधून घेतली. तेव्हा धातूवरून भांडण्यात अर्थ नाही.

पोलादाचा खरा गुण म्हणजे ते तुटण्याआधी खूप ताणलं जातं. साधं सौम्य पोलाद वीस टक्क्यांहून अधिक लांबतं आणि मग फाटतं. काचतंतूची प्लास्टिक बोट दोनेक टक्क्यांतच तडकते. बर्फाचा तुकडा किंवा पाण्याखालचा खडक लागला तर पोलादी बोटीला पोचा पडतो, पाणी आत येत नाही. एवढीच त्याची हमी समजा. ही बोट बर्फ फोडायला नाही. समुद्रबर्फाचं प्रमाण नकाशावर दहापैकी किती असं दाखवतात. तीन दशांशापर्यंत शिडाची बोट वाट काढते, चारच्या पुढे ती दुसऱ्याच्या मर्जीवर असते. ग्रीनलंडसाठी डेन्मार्कची हवामान संस्था आणि स्वालबार्डसाठी नॉर्वेची हवामान संस्था असे नकाशे काढतात. ते रोज पाहण्याची सवय ही प्लेटच्या जाडीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

ठिसूळपणाची भीती जहाजांच्या इतिहासातून आलेली आहे. दुसऱ्या महायुद्धातली काही लिबर्टी मालवाहू जहाजं थंड पाण्यात दुभंगली, त्यावरून जहाजांच्या पोलादाच्या प्रती आणि त्यांच्या आघात चाचण्या कडक झाल्या. पण तिथे प्लेट जाड होत्या, पोलादाची प्रत हलकी होती, वेल्डिंगमधले दोष आणि हॅचचे काटकोनी कोपरे होते. तुमच्या ४ मिमी प्लेटला तो धोका फार कमी. शिवाय एक गोष्ट विसरली जाते: खारं समुद्रपाणी उणे १.८ अंशांच्या आसपास गोठतं, त्यामुळे पाण्याखालचं पोलाद त्याहून थंड होतच नाही, वर हवा उणे वीस असली तरी. कुणी ‘आमची बोट कॉर्टेन पोलादाची आहे’ म्हणून भाव चढवत असेल तर ऐकून घ्या आणि पुढे चला. कॉर्टेनला ताकद थोडी जास्त असते. गंजरोधक म्हणून त्याचा जो थर जमतो तो ओलं-कोरडं होत राहणाऱ्या उघड्या पृष्ठभागावर जमतो. रंगाखाली किंवा समुद्रात बुडालेलं कॉर्टेन साध्या पोलादासारखंच गंजतं.

आता मुद्द्याचं. पोलादी बोट बाहेरून क्वचित मरते. बाहेरची बाजू मालकाला दिसते, दरवर्षी यार्डात धुतली जाते, रंगवली जाते. बोट मरते ती आतून, आणि थंड प्रदेशात वापरलेली बोट आतून जास्त वेगाने मरते. त्यात गोची अशी की जे जे तिला थंडीत राहण्याजोगं करतं, म्हणजे फोम, त्यावरचं अस्तर आणि सुबक लाकूडकाम, तेच तिची आतली प्लेट तुमच्या नजरेआड करतं. म्हणून जी बोट आतून उघडून पाहता येते ती घ्या. उघडता येत नसेल तर विक्रेता कितीही भला असो, तुम्ही न पाहिलेल्या वस्तूचे पैसे मोजताय.

आत पाणी येतं कुठून? बहुतेक गळतीतून नाही, हवेतून. केबिनमध्ये १८ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर दहा अंशांच्या पृष्ठभागावर दव धरायला लागतं. स्वालबार्डच्या पाण्यात हल असते दोन-तीन अंशांवर. एक माणूस श्वास आणि घाम मिळून दिवसाला सुमारे लिटरभर पाणी हवेत सोडतो. स्वयंपाकाचा एक किलो प्रोपेन जळला की दीड किलोहून जास्त पाणी तयार होतं. दोन माणसं, रोजचा स्वयंपाक, वाळत घातलेले ओले हातमोजे यांची बेरीज करा. हे सगळं पाणी उघड्या पोलादाच्या शोधात असतं, आणि भातावरच्या थंड झाकणाला वाफ धरावी तसं ते तिथे धरतं, ओघळतं आणि खालच्या स्ट्रिंगरवर (प्लेटला आतून आधार देणाऱ्या, बोटीच्या लांबीने जाणाऱ्या पट्टीवर) जाऊन साचतं.

फवारलेला पॉलियुरेथेन फोम याला चांगलं उत्तर आहे, पण दोन अटींवर. पहिली, फोम मारण्याआधी पोलाद सँडब्लास्ट करून त्यावर इपॉक्सीचे नीट थर दिलेले असावेत. तसं असेल तर फोम प्लेटला घट्ट चिकटतो, मागे हवा शिरत नाही, आणि अशा फोममागे चाळीस वर्षांनीही प्लेट स्वच्छ निघालेली मी पाहिली आहे. नुसत्या प्रायमरवर किंवा तेलकट पृष्ठभागावर मारलेला फोम काही वर्षांनी सुटतो. मग मागे बोटभर पोकळी तयार होते, तिथे दव धरतं, आणि ते कुणालाच दिसत नाही. दुसरी अट, फ्रेम (हलच्या बरगड्या) आणि स्ट्रिंगरही फोमखाली झाकलेले असावेत. पोलाद फोमपेक्षा सुमारे दोन हजार पट सहज उष्णता वाहून नेतं. फ्रेमची कड उघडी राहिली की ती केबिनमधून थेट समुद्राकडे जाणारा रस्ता होते आणि तिच्यावर पाणी टपकत राहतं.

फोमऐवजी थर्माकोलचे तक्ते किंवा काचलोकर प्लेटच्या आणि अस्तराच्या मध्ये नुसती खोचलेली असेल तर मी त्या बोटीकडे थंड प्रदेशासाठी पाहतच नाही. वाफ मागे जाते आणि ओली लोकर पोलादाला पोटिससारखी चिकटून राहते.

तपासणीच्या दिवशी काय करायचं? आधी विक्रेत्याकडून लेखी परवानगी घ्या की फळ्या उचलणार, पॅनेल काढणार आणि दोन-चार जागी फोम कापून पाहणार. तळहाताएवढा फोम कापून परत भरणं अर्ध्या तासाचं काम आहे. यावर विक्रेता कां कूं करत असेल तर त्याला माहीत आहे तिथे काय आहे.

मग पाणी जिथे साचतं तिथे जा. शौचालयाच्या मागे आणि खाली. स्वयंपाकघराच्या सिंकखाली. न्हाणीच्या तळाशी. इंजिनच्या पायांच्या मागे, जिथे हात पोहोचत नाही आणि म्हणून कुणी कधी रंग दिलेला नाही. स्टर्न ट्यूबच्या (प्रोपेलरचा दांडा हलमधून बाहेर पडतो त्या नळीच्या) दोन्ही बाजूंना. खिडक्यांच्या खालच्या काठांना, कारण तिथून येणारं पाणी अस्तरामागून उतरतं आणि दोन मीटर खाली गंज दिसतो. नांगराच्या साखळीची कोठी तर आवर्जून बघा: ओली, चिखलाची, खारी साखळी तिथे वर्षानुवर्षं रंग खरवडत पडलेली असते. प्रत्येक फ्रेमच्या तळाला पाणी वाहून जायला भोक असतं. त्यातून तार घालून पाहा. एक भोक कचऱ्याने बुजलं की त्या फ्रेमच्या मागे तळं होतं. स्ट्रिंगर जिथे तुटक वेल्ड केलेले असतात तिथे प्लेट आणि स्ट्रिंगर यांच्या फटीत पाणी बसतं, तो गंज आपल्या जाडीने दोन्हींना एकमेकांपासून फाकवतो.

डेकवर सागवानाच्या पट्ट्या स्क्रूने बसवल्या असतील तर दुसरी बोट शोधा. प्रत्येक स्क्रू म्हणजे पोलादात पाडलेलं एक भोक, आणि लाकडाखाली काय चाललंय ते लाकूड काढल्याशिवाय कळत नाही.

हातोडी आणि अल्ट्रासाउंड, दोन्ही लागतात. छोट्या हातोडीने ठोकत गेलं की निरोगी प्लेट खणखणते आणि झिजलेली बद्द आवाज देते; सराव असलेल्या सर्व्हेयरला अर्धी बातमी तिथेच मिळते. अल्ट्रासाउंडचं यंत्र जाडी आकड्यात सांगतं, पण प्रोबच्या तळाएवढ्याच जागेची. शेजारी दोन सेंटिमीटरवर खोल खड्डा असला तरी आकडा ठीकच येईल. म्हणून मापं कुठे घेतली हे किती घेतली यापेक्षा महत्त्वाचं. सर्व्हेयर बाहेरून सोयीच्या उंचीवर चौकटी आखून शंभर ठिकाणी प्रोब टेकवतो आणि सुंदर तक्ता देतो, पण त्यात शौचालयामागची जागा नसते. तुम्ही स्वतः आत फिरून संशयाच्या जागा ठरवा, त्या बाहेरच्या बाजूवर खडूने उतरवा आणि तिथे दाट मापं घ्यायला सांगा. मूळ जाडीपेक्षा वीस टक्क्यांच्या वर झीज दिसली, म्हणजे ४ मिमीची प्लेट ३.२च्या खाली गेली, की मी तो भाग बदलायचा असं धरून किंमत बोलतो. उघडं सौम्य पोलाद खाऱ्या पाण्यात सरासरीने वर्षाला ०.१ मिमीच्या आसपास झिजतं. खड्डे त्याच्या कितीतरी पट वेगाने खोल जातात. त्यामुळे सरासरी आकड्यावर निश्चिंत होऊ नका.

जुन्या प्लेटवर वरून दुसरी प्लेट चिकटवून वेल्ड केलेली दिसली तर विचारा की खालची का बदलली नाही. बहुधा उत्तर असतं की ती बदलायला आतलं लाकूडकाम काढावं लागलं असतं. दोन प्लेटांच्या मधल्या पोकळीत ओल राहिलेली असते आणि आतली प्लेट आपल्या गतीने संपत असते.

इथे दुरुस्तीच्या खर्चाबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. ‘पोलाद कुठेही वेल्ड होतं’ हे खरं आहे. मासेमारीच्या कुठल्याही बंदरात वेल्डर मिळतो, आणि अर्धा चौरस मीटर प्लेट कापून नवी बसवणं त्याला फार तर दोन दिवसांचं काम. पण त्याच्या आधी त्या जागेवरचं कपाट, बिछाना, टाकी, वायरिंग आणि फोम निघायला हवा. पॉलियुरेथेन फोम पेटतो आणि जळताना त्यातून हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात. म्हणून वेल्डच्या चहूबाजूंनी वीत-दीड वीत फोम खरवडून काढतात, आत एक माणूस पाणी आणि अग्निशामक घेऊन बसवतात. खर्च वेल्डिंगचा नसतो, तिथवर पोहोचण्याचा असतो. म्हणूनच लाकूडकाम स्क्रूने बसवलंय की गोंदाने, हे मी बोटीत शिरल्यावर पहिल्या पाच मिनिटांत पाहतो. साध्या प्लायवूडचं, पण स्क्रू दिसणारं काम देखण्या, कायमच्या चिकटवलेल्या महोगनीपेक्षा मला केव्हाही पसंत.

कीलच्या, म्हणजे तळाखालच्या वजनदार भागाच्या, पोटातही डोकवा. पोलादी बोटींत वजनासाठी कीलच्या पेटीत शिसं, कधी भंगार लोखंड आणि काँक्रीट भरलेलं असतं. वरून नीट बंद केलेलं शिसं असेल तर उत्तम. भंगार आणि काँक्रीट असेल, आणि वरच्या झाकणाला तडा असेल, तर आत पाणी जाऊन पेटी आतून गंजते.

गंजाचा दुसरा प्रकार वेगवान असतो: वीज. बॅटरीच्या धनेकडून कुठेतरी हलमध्ये आणि तिथून समुद्रात फक्त एक ॲम्पिअर गळत असेल, तर वर्षात सुमारे नऊ किलो लोखंड विरघळतं. तेही सगळीकडून नाही, रंग निघालेल्या एखाद्या नाण्याएवढ्या जागेतून. त्यामुळे पोलादी बोटीत डीसीची ऋण तारसुद्धा हलला जोडलेली नसावी, अल्टरनेटर आणि स्टार्टर दोन तारांचे, इंजिनच्या धातूपासून वेगळे असावेत. सगळे स्विच बंद करून, मग एकेक चालू करून, हल आणि बॅटरीच्या दोन्ही टोकांमध्ये मल्टिमीटर लावा. धक्क्यावरची वीज घ्यायला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (किनाऱ्याच्या तारांशी बोटीची थेट जोड तोडणारा) आहे का पाहा. नसेल तर शेजारच्या बोटींची झीज तुमची झिंकं (पोलादाऐवजी झिजावेत म्हणून हलला लावलेले जस्ताचे तुकडे) भरून काढत असतात. चांदी-क्लोराइडचा सेल पाण्यात सोडून हलचा विद्युतदाब मोजता येतो: नीट संरक्षित पोलाद उणे ०.८० ते उणे १.०५ व्होल्टच्या दरम्यान असतं, उणे ०.६५च्या आसपास आकडा आला तर झिंकं काम करत नाहीत. झिंकांवर कुणी रंग मारून ठेवला असेल तर बाकीची काळजी कशी घेतली असेल याचा अंदाज येतो. आणि तांब्याचं अँटिफाउलिंग (शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून तळाला लावायचा रंग) चालेल, पण त्याच्या आणि पोलादाच्या मध्ये इपॉक्सीचा अखंड थर असेल तरच.

हल चांगली निघाली असं धरू. मग वजन. पोलादी बोटी पहिल्या दिवसापासून आराखड्यापेक्षा जड असतात आणि वर्षागणिक आणखी जड होतात. डिझायनरने कागदावर दिलेली वॉटरलाइन आणि आज ती जिथे तरंगते ती रेघ यांतलं अंतर मोजा. या आकाराच्या बोटीला एक सेंटिमीटर खोल बसणं म्हणजे सुमारे पाव टन. दहा सेंटिमीटर खाली बसलेली १२ मीटरची बोट अजून तुमचं सामान चढायचं असतानाच भरलेली आहे. हे थंडीत का महत्त्वाचं? उडणारे तुषार डेकवर आणि दोरांवर गोठतात. चाळीस चौरस मीटरवर एक सेंटिमीटर बर्फ म्हणजे साडेतीनशे किलोच्या वर, आणि तेही सगळं वरच्या बाजूला. पोलादी डेकहाउस, त्यावर पोलादी कमान, कमानीवर सौर पॅनेल आणि रडार असं चढवत गेलेली बोट शांत बंदरात भक्कम वाटते. तिची उलटून परत सरळ होण्याची क्षमता किती उरली आहे हे झुकाव चाचणीनेच कळतं. ती करून घ्या. अर्ध्या दिवसाचं काम आहे.

सुकाणू आणि पंखा (प्रोपेलर) यांना बर्फ आधी लागतो. सुकाणूच्या पुढे भक्कम स्केग (त्याला आधार देणारा स्थिर भाग), पंखा कील आणि सुकाणू यांच्यामधल्या खोबणीत, अशी जुनी रचना वेगात थोडी मागे पडते, पण इथे तीच हवी. नुसतं खाली लोंबणारं पातं आणि उघडा शाफ्ट असलेली बोट बर्फात मागे घेताना जीव मुठीत धरावा लागतो.

इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी आत ओढणारी साधी पद्धत बर्फाच्या चुऱ्यात दगा देते: गाळणीत लगदा भरतो आणि नेमकं जेव्हा निघायचं तेव्हा इंजिन तापतं. हलच्या बाहेरून वेल्ड केलेल्या नळीतून किंवा पोकळीतून गोडं पाणी-अँटिफ्रीझ फिरवणारं कील कूलिंग आणि सोबत कोरडा एक्झॉस्ट असेल तर त्या बोटीचे दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. ते नसेल तर निदान मोठा सी-चेस्ट (समुद्राचं पाणी आधी जिथे येतं ती पेटी) असावा, वरून झाकण उघडून हात घालता येईल असा. पाण्याखालच्या छिद्रांना पितळी व्हॉल्व्ह बोल्टने बसवण्याऐवजी पाणरेषेच्या वरपर्यंत जाणारे पोलादी नळ वेल्ड केलेले असले तर अर्धी झोप सुखाची होते.

डिझेलबद्दल लोक विनाकारण घाबरतात. उन्हाळी डिझेल शून्याच्या थोडं खाली मेण धरू लागतं हे खरं, पण हलमधल्या टाक्या समुद्राच्या तापमानाजवळ राहतात आणि समुद्र उणे दोनच्या खाली जात नाही. त्रास होतो तो डेकवर बांधलेल्या कॅनमधल्या डिझेलचा. हिवाळा काढायचा असेल तर हिवाळी डिझेल भरा, नाहीतर हलमधल्या टाक्या मोठ्या असलेली बोट पाहा. टाकीच्या तळातून नमुना मात्र काढाच. तिथे साचलेलं पाणी टाकीलाही आतून खातं, आणि टाकीची भिंत बहुधा हलच असते.

गरम ठेवण्यासाठी दोन वेगळ्या व्यवस्था हव्यात. वेबास्टो किंवा एबरस्पेशरसारखे गरम हवा फेकणारे हीटर लवकर ऊब देतात, पण वीज खातात आणि बिघडले की सुटे भाग लागतात. रोजच्या राहणीसाठी थेंबथेंब डिझेलवर चालणारा स्टोव्ह, डेन्मार्कच्या रेफ्लेक्ससारखा, जो मासेमारीच्या बोटींवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. त्याला वीज लागत नाही, वरच्या छोट्या टाकीतून डिझेल आपोआप उतरतं, आणि ज्वलनातलं पाणी धुराड्यातून बाहेर जातं. धुराडं नसलेला रॉकेलचा किंवा गॅसचा हीटर मात्र केबिनमध्ये पाणीच ओततो, ते आपण वर मोजलं. झोपायच्या जागी कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. डोंगरावरून कोसळणारा वारा धुराड्यात उलटा घुसतो. आणि बर्फ पडत असतानाही बंद न होणारे हवेचे झरोके असावेत. ऊब कमी पण हवा खेळती, हे पोलादी बोटीला मानवतं.

होकायंत्राचं थोडक्यात: पोलादी हलमध्ये त्याचं विचलन मोठं असतं, चुंबकीय ध्रुवाजवळ पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक क्षीण होतो आणि हलचंच चुंबकत्व सुईवर राज्य करतं. ऑटोपायलट केबिनमधल्या फ्लक्सगेटवर (इलेक्ट्रॉनिक चुंबकीय होकायंत्रावर) चालत असेल तर उपग्रहांवरून दिशा देणारा होकायंत्र-संच बसवायची तयारी ठेवा.

नांगर एका आकाराने मोठा, १० मिमीची निदान शंभर मीटर साखळी (ती सव्वादोनशे किलोंच्या आसपास भरते, वजनाच्या हिशेबात धरा), आणि पॅटागोनियासाठी किनाऱ्यावर बांधायला तरंगणाऱ्या लांब दोऱ्या, डेकवर रिळांवर गुंडाळलेल्या. बीगल खाडीच्या अरुंद कालेतांमध्ये (किनाऱ्यातल्या छोट्या खोबणींमध्ये) नांगरापेक्षा झाडाला बांधलेल्या दोन दोऱ्यांवरच भिस्त असते. सुकाणूवाल्याला वारा लागणार नाही असा आडोसा, शक्यतो आतून सुकाणू, हे दोघांच्या संघाला चैनीचं नाही. चार तासांचा पहारा उघड्यावर काढलेला माणूस पाचव्या तासाला नकाशा नीट वाचत नाही.

कागदपत्रांत विम्याची अक्षांशमर्यादा आधी विचारा. अनेक पॉलिसी उत्तरेला ठरावीक रेषेवर थांबतात, आणि जुन्या पोलादी बोटीला जाडीचा ताजा अहवाल मागतात. स्वालबार्डच्या बहुतेक भागात जाण्याआधी तिथल्या गव्हर्नरला कळवावं लागतं आणि शोध-बचावाच्या खर्चाची हमी दाखवावी लागते. ईशान्य ग्रीनलंडच्या राष्ट्रीय उद्यानाला स्वतंत्र परवाना लागतो. चिलीच्या कालव्यांत नौदलाचा सार्पे, म्हणजे मार्गाचा परवाना घेतल्याशिवाय बंदर सोडता येत नाही.

मग ही कटर घ्यावी का? तुम्ही दिलेल्या माहितीत मला दोन गोष्टी खटकतात: ताजा रंग आणि देखणं लाकूडकाम. दोन्ही चांगल्या असू शकतात, पण दोन्ही झाकणंही असू शकतात. रंगाची पावती, ब्लास्टिंगचे फोटो, आणि बांधणीच्या वेळी फोमच्या आधी कोणते थर दिले याची नोंद मागा. चांगल्या यार्डात बांधलेल्या बोटींची अशी कागदं पुष्कळदा जपून ठेवलेली असतात. देकार द्या तो अटींवर: यार्डात उचलून अल्ट्रासाउंड, तुम्ही निवडलेल्या जागी फोम कापणं, झुकाव चाचणी, विद्युत गळतीची तपासणी. यातलं एकही नाकारलं तर देकार मागे. आणि सगळं ठीक निघून बोट घेतलीत, तर पहिल्या वर्षी ग्रीनलंड नको. उत्तर नॉर्वेच्या एखाद्या बंदरात हिवाळाभर तिच्यात राहा, स्टोव्ह चालवा, स्वयंपाक करा, आणि दर पंधरा दिवसांनी तळाच्या फळ्या उचलून टॉर्च मारा. जिथे जिथे ओल दिसेल तिथे खडूने खूण करत जा. वसंतात यार्डात कुठे काम काढायचं ते त्या खुणांवरून ठरवा.